आमच्या साइडनं ओके आहे

कुठल्याही मोठ्या कचेरीत एक खोली अशी असते, जिच्यात गेल्या वर्षीचं गणपतीचं मखर, पाय मोडलेली खुर्ची, जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा आणि टेलिफोनचं यंत्र गुण्यागोविंदानं नांदत असतात. दारावर 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश बंद' अशी पाटी असते. अधिकृत व्यक्ती कोण, हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो. खोलीत एसी असतो, पण तो यंत्रासाठी. मे महिन्यात यंत्राच्या तब्येतीची चौकशी करायला येणाऱ्यांची संख्या वाढते, ती या कारणानं.

या यंत्राला ईपीएबीएक्स म्हणतात. त्याच्या पोटात एक कार्ड असतं आणि त्या कार्डाला बाहेरून एक लाइन येऊन मिळते. तिचं नाव पीआरआय. पूर्वी तीस फोन हवे असतील तर तीस तारांच्या जोड्या गल्लीतून, गच्चीवरून, शेजाऱ्याच्या परवानगीनं किंवा परवानगीशिवाय आणाव्या लागत. पीआरआय दोनच जोड्यांवर तीस जणांची बोलणी एकाच वेळी वाहून नेते. एक जोडी जायला, एक यायला. लेखा विभाग पैसे देत नाही म्हणून सांगतोय, खरेदी विभाग माल का आला नाही म्हणून विचारतोय, साहेब मुलाच्या ॲडमिशनचं बघताहेत आणि कुणीतरी घरी 'दूध तापवून ठेव' म्हणतंय. हे सगळं त्याच तारेवर आणि तरीही कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही.

हे कसं जमतं, ते समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही, लग्नात एकदा जेवलेलं असलं की पुरे. या तारेवर सेकंदाला ८००० पंगती उठतात. प्रत्येक पंगतीला ३२ पानं आणि प्रत्येक पानावर आठ बिट वाढलेले. ३२ गुणिले ८ गुणिले ८०००, म्हणजे सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट. एक पंगत १२५ मायक्रोसेकंदांत उरकते आणि एका पानाच्या वाट्याला जेमतेम ३.९ मायक्रोसेकंद येतात. शून्य क्रमांकाचं पान कुणालाच मिळत नाही. पंगत कुठून सुरू झाली, ते ओळखायला ते राखून ठेवलेलं असतं. सोळा क्रमांकाचं पान वाढप्यांच्या आपसातल्या निरोपांसाठी: कोण आलं, कोण उठलं, कुणाला कुठं बसवायचं. उरलेली ३० पानं बोलणाऱ्यांची. या व्यवस्थेला ई-वन म्हणतात. युरोपानं ती ठरवली आणि आपण ती घेतली. अमेरिकेत पंगत २४ पानांची असते, तिचं नाव टी-वन. १९६२ साली शिकागोच्या परिसरात बेल कंपनीनं ती प्रथम चालू केली. आणि आवाजाचे असे आकडे करून पाठवण्याची मूळ कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरची. पॅरिसमधल्या प्रयोगशाळेत बसून त्यानं १९३८ साली तिचं पेटंट घेतलं. त्या वेळी ट्रान्झिस्टरही नव्हता, त्यामुळे कल्पना उत्तम आणि यंत्र अशक्य अशी स्थिती होती. आपल्याकडे हल्ली अगदी उलट असतं.

तर लाइन आली, कार्ड आलं, आता दोघांची गाठ मारायची. त्यासाठी संगणकावर एक पान उघडतं. त्यावर दहा-बारा प्रश्न आणि प्रत्येकाला दोन किंवा तीनच पर्याय. क्लॉक कुणाचं? सीआरसी-फोर चालू की बंद? लाइन कोड कुठला? वाहिन्या कुठून कुठवर? आपण 'नेटवर्क' की 'यूजर'? प्रश्न सोपे आहेत. अडचण एवढीच की, निम्मी उत्तरं आपल्याकडे नसतात. ती तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला विचारावी लागतात. आणि दुसऱ्याला विचारणं ही गोष्ट आपल्याकडे सर्व उपाय थकल्यावरच करतात.

या कामाला तीन माणसं लागतात. पहिला टेलिफोन कंपनीचा, सगळे त्याला काका म्हणतात. त्याच्या हातात पिवळा टेस्ट फोन, खिशात तारा बसवायचं क्रोन टूल आणि चेहऱ्यावर 'मला अजून चार ठिकाणी जायचंय' असा भाव. दुसरा यंत्र विकणाऱ्या दुकानाचा मुलगा. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, म्हणून तो लॅपटॉपआधी प्लगपॉइंट शोधतो. तिसरा कचेरीचा समन्वयक. त्याला यातलं काही कळतं म्हणून त्याला नेमलेलं नसतं. त्यानं एकदा टेलिफोनच्या बिलाबद्दल इंग्रजीत पत्र लिहिलं होतं आणि बिल कमी होऊन आलं होतं, एवढ्यावर 'फोनचं जरा तुम्हीच बघा' हे काम त्याला कायमचं चिकटलेलं असतं. मी बरीच वर्षं या तिसऱ्या जागेवर आहे. तिथून दिसतं ते छान. बाकीचे दोघे यंत्राकडे बघत असतात, मला त्या दोघांकडे बघायला मिळतं.

लाइन जोडली की कार्डावर लाल दिवा लागतो. यावर साऱ्या देशात एकच पहिला उपाय आहे. "टीएक्स-आरएक्स उलटं करून बघा." म्हणजे जाणारी जोडी येणाऱ्याच्या जागी आणि येणारी जाणाऱ्याच्या जागी. तारा जोडायच्या क्रोन पट्टीवर वाकून, दातात तारेचा तुकडा धरून, काका ते करतात. कधीकधी दिवा खरंच हिरवा होतो आणि त्या क्षणी खोलीत उपस्थित असलेल्या प्रत्येकाला वाटतं, ते आपल्यामुळेच झालं. कधी दिवा लालचा पिवळा होतो. पिवळ्याचा अर्थ फार सज्जनपणाचा आहे: 'समोरच्याचं मला ऐकू येतंय, पण माझं समोरच्याला ऐकू जात नाहीये.' माणसांच्या कपाळावरही असा एक दिवा असता, तर निम्म्या मीटिंगा टळल्या असत्या.

हिरवा दिवा लागला की काम संपलं, असा सार्वत्रिक समज आहे. मोबाइलवरून लँडलाइनला, लँडलाइनवरून मोबाइलला एकेक फोन लावून होतो. दोन्हीकडून "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" एवढंच बोललं जातं, कारण चाचणीच्या फोनवर दुसरं काय बोलावं, हे कुणालाच सुचत नाही. चहा येतो. सर्व्हिस रिपोर्टवर सही होते. 'वर्क कम्प्लीटेड सॅटिस्फॅक्टरी' असं त्यावर आधीच छापलेलं असतं.

आणि मग दोन दिवसांनी तक्रारी सुरू होतात. त्या विचित्र असतात. फोन लागतो, आवाज स्वच्छ येतो, पण मध्येच बारीकसं 'टक्' होतं. बोलणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एक्स्टेंशन उचललं. कचेरीतल्या कचेरीत संशयाचं वातावरण तयार होतं. फॅक्स अर्ध्या पानावर थांबतो. फोनच्या तारेवर चालणारं कार्ड स्वाइपचं यंत्र तीन वेळा 'प्रयत्न करीत आहे' म्हणून चौथ्यांदा नाद सोडतं. माणसांची बोलणी ठीक, यंत्रांची मात्र होत नाहीत. टेलिफोनवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "आमच्या साइडनं ओके आहे." यंत्रवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "सर, आमच्या साइडनं ओके आहे." दोन बाजू ओके आणि मधली तार तर तांब्याची. मग बिघडलंय काय?

बिघडलेलं असतं घड्याळ. म्हणजे दोन्हीकडची घड्याळं चांगली असतात, पण ती दोन असतात.

त्या पंगती मोजायला प्रत्येक यंत्रात एक स्फटिकाचं घड्याळ असतं. ई-वनच्या नियमानं या घड्याळात दहा लाखांत ५० इतकी चूक चालते. भिंतीवरच्या घड्याळात ही चूक झाली असती, तर दिवसाला चार सेकंदांहून थोडी जास्त. आपल्या घरातल्या घड्याळाचं एवढं बरोबर चाललं तर आपण शेजाऱ्यांना बोलावून दाखवू. पण एका टोकाचं घड्याळ ५० नं पुढे आणि दुसऱ्याचं ५० नं मागे असेल, तर १०० चा फरक पडतो. मग दर सव्वा सेकंदाला एक अख्खी पंगत शिल्लक राहते किंवा कमी पडते. यंत्र शिल्लक पंगत सरळ उचलून फेकून देतं; कमी पडली तर मागचीच पुन्हा वाढतं. याला स्लिप म्हणतात. १२५ मायक्रोसेकंदांचा आवाज गेला तर माणसाच्या कानाला फक्त 'टक्' ऐकू येतं, कधी तेही नाही. माणूस समोरच्याचं निम्मं बोलणं एरवीही ऐकत नसतोच, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. फॅक्स मात्र प्रत्येक बिट मनावर घेतो.

आणि या सगळ्या काळात दिवा हिरवाच असतो. स्लिप होते म्हणून लाइन तुटत नाही. कार्डाच्या आतल्या एका तक्त्यात स्लिपचा आकडा मुकाट्यानं वाढत असतो, पण तो तक्ता बघायला चार मेनू खाली जावं लागतं आणि तिथवर कुणी जात नाही.

क्लॉकच्या प्रश्नाला पर्याय दोन: 'इंटर्नल', म्हणजे आमचं आम्ही बघू; आणि 'लाइन', म्हणजे तारेवरून येणाऱ्या घड्याळाप्रमाणे चालू. नियम एका वाक्याचा आहे. टेलिफोन कंपनीनं घड्याळ द्यायचं, गिऱ्हाइकानं घ्यायचं. पण 'इंटर्नल' या पर्यायाला एक स्वावलंबनाचा वास आहे. काहीही न कळणारा माणूस दहापैकी नऊ वेळा तोच निवडतो. उरलेल्या एका वेळी तो यंत्र आलं तसंच ठेवतो.

मी ऐकलेला संवाद असा:

"क्लॉक काय ठेवलंय रे तुमच्याकडून?"

"डिफॉल्ट आहे, काका."

"डिफॉल्ट म्हणजे काय?"

"म्हणजे... आलंय तसंच."

"आणि आलंय कसं?"

"डिफॉल्टच."

यापुढे चर्चा सरकत नाही, म्हणून चाचणी घ्यायची ठरते. चाचणीचं नाव लूप. काका कार्डाची वायर काढतात आणि तारेची जाणारी व येणारी टोकं एकमेकांना जोडून देतात. एक्स्चेंजमधून पाठवलेलं सगळं तसंच फिरून एक्स्चेंजला परत जातं. तिकडचा माणूस फोनवर सांगतो, "एरर शून्य. एकदम क्लीन." काका विजयी मुद्रेनं मुलाकडे बघतात. मग मुलगा आपल्या कार्डाच्या तोंडाला लूप लावतो. त्याचंही फिरून त्यालाच मिळतं. त्याच्याही तक्त्यात स्लिप शून्य. तो विजयी मुद्रेनं काकांकडे बघतो. दोघांनाही कागद मिळतो, दोघेही खरं बोलताहेत आणि फॅक्स अजून अर्ध्या पानावरच आहे.

या चाचणीतली गंमत अशी की, लूपमध्ये प्रत्येक यंत्र स्वतःचं घड्याळ स्वतःच्याच घड्याळाशी लावून बघत असतं. तिथं स्लिप होणं शक्यच नाही. तार सलामत आहे की नाही, एवढंच लूप सांगतं; दुसऱ्याशी पटतंय का, ते सांगत नाही. स्वतःला विचारून स्वतःचं बरोबर आहे अशी खात्री करून घेण्याची ही पद्धत टेलिफोनवाल्यांनी शोधली, असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्या कचेरीत आत्मपरीक्षणाचे फॉर्म दर एप्रिलला भरतात आणि त्यातही सगळ्यांच्या स्लिप शून्य असतात.

आता याच्या उलट टोकाचा प्रकारही आहे. दोन्ही बाजूंनी सौजन्य दाखवून 'लाइन' हा पर्याय निवडायचा. म्हणजे हा त्याचं घड्याळ बघून चालणार आणि तो याचं. वाजले किती, हे कुणालाच माहीत नाही, पण दोघांचं एकमत आहे. अशी जोडी हळूहळू सरकत सरकत भलत्याच वेगावर जाऊन पोचते आणि मग सगळीच लाइन कोसळते. तेव्हा 'तुम्ही सांगाल तसं' हे वाक्य दोघांपैकी एकानंच म्हणायचं असतं.

मुंबईकराला हे समजायला खरं तर वेळ लागू नये, कारण हा घोळ त्याच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर जगलाय. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे होती. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे, म्हणजे स्टेशनात एक वेळ आणि स्टेशनाबाहेर दुसरी, याची शहराला सवय होतीच. पण प्रमाणवेळ आली ती सरकारी हुकमानं आणि कर्झन साहेबाच्या वंगभंगानंतर काही महिन्यांतच. मुंबईच्या महापालिकेनं सरळ 'इंटर्नल' निवडलं. क्रॉफर्ड मार्केटच्या घड्याळात मुंबईचीच वेळ राहिली. सरकारची वेळ एक आणि महापालिकेची दुसरी, हा प्रकार स्वातंत्र्य मिळाल्यावरही थांबला नाही. मुंबईची वेळ संपली ती त्यानंतर काही वर्षांनी. चाळीसहून जास्त वर्षं एक अख्खं शहर स्लिप होत होतं आणि दिवा हिरवाच होता.

त्याच मुंबईनं पुढे मोठ्या मनानं परतफेड केली. देशाचं टेलिफोनचं जाळं डिजिटल झाल्यावर सगळ्या एक्स्चेंजांना एकच घड्याळ हवं झालं. ते राष्ट्रीय संदर्भ घड्याळ बसवलं विदेश संचार निगमाच्या मुंबईच्या केंद्रात; राखीव घड्याळ दिल्लीत. त्यात सीझियमची घड्याळं. सीझियमचा अणू सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० वेळा हेलकावतो आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच त्याच्यावरून ठरलेली आहे. या जातीच्या घड्याळाला आंतरराष्ट्रीय नियमानं एकावर ११ शून्यं देऊन होणाऱ्या आकड्यात फक्त एकाची चूक माफ असते. अशी दोन स्वतंत्र घड्याळं दोन टोकांना असली आणि दोन्ही परवानगी आहे तेवढी विरुद्ध दिशांना चुकली, तरी स्लिप ७२ दिवसांतून एकदा. मुख्य घड्याळाकडून मोठ्या एक्स्चेंजांना, त्यांच्याकडून लहानांना, त्यांच्याकडून गल्लीतल्या पेटीला, अशी वेळ पायरी पायरीनं उतरत येते. शेवटची पायरी आपल्या मखराशेजारचं यंत्र. तिथवर सीझियमची वेळ फुकट, घरपोच येते आणि आपण तिला 'नको, आमचं आहे' म्हणतो.

ही वेळ आणायला वेगळी तार नसते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोलण्याच्या तारेवरच, बोलण्याच्या ठोक्यांतूनच ती येते. एक असेल तेव्हा तारेवर ठोका, शून्य असेल तेव्हा काही नाही. म्हणजे शून्यांची लांबलचक रांग आली की ठोके बंद, ठोके बंद की पलीकडच्याला वेळ कळायचं बंद. यावर काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो. ठोके एकदा धन, एकदा ऋण असे आळीपाळीनं द्यायचे, हा नियम. लागोपाठ चार शून्यं आली की तो नियम मुद्दाम मोडायचा आणि एक चुकीच्या दिशेचा ठोका घुसडून द्यायचा. पलीकडचा समजतो: नियम मोडलाय, म्हणजे इथं चार शून्यं होती. या पद्धतीला एचडीबी-थ्री म्हणतात. मात्र नियम मोडण्याचं हे गुपित दोन्हीकडं माहीत हवं. एकानं एचडीबी-थ्री ठेवलं आणि दुसऱ्यानं साधा सरळ कोड, की साधा सरळ माणूस दर वेळी 'चूक, चूक' म्हणून ओरडत सुटतो.

सीआरसी-फोरचं तसंच. ही बेरीज-पडताळणी. दर आठ पंगतींमागे चार बिटांची पावती, म्हणजे सेकंदाला १००० पावत्या. एकानं पावती द्यायची ठरवली आणि दुसऱ्यानं मागायचीच नाही ठरवली, तर काही यंत्रं समजून घेतात, काही रुसून लाल दिवा लावतात. पावतीवरून होणाऱ्या भांडणांचा अनुभव सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्यांना असतोच, म्हणून तिथं रेंगाळत नाही.

वाहिन्यांचा प्रश्न मात्र रेंगाळण्यासारखा आहे. बोलण्याची पानं ३०, पण त्यांचे क्रमांक १ ते १५ आणि मग १७ ते ३१, कारण सोळावं निरोपांचं. आता काही यंत्रं पानाचा क्रमांक सांगतात, तर काही माणसांचा. १५ पर्यंत दोघांचे आकडे जुळतात. पुढचा मात्र एकाच्या हिशेबानं सोळावा आणि दुसऱ्याच्या हिशेबानं सतरावा. निरोप जातो एका पानाचा, जेवण वाढलं जातं शेजारच्या पानावर. फोन लागतो, बिल पडतं, पण कानाला शांतता. नाहीतर भलत्याच कुणाचा तरी "मी मुळीच तसं म्हणाले नव्हते" असा आवाज.

या दोषाची खरी गंमत त्याच्या वेळापत्रकात आहे. लाइन पहिल्या वाहिनीपासून भरत जात असेल, तर एकाच वेळी १५ फोन चालू होईपर्यंत सगळं सुरळीत असतं. सोळावा फोन होतो सोमवारी सकाळी अकराला, जेव्हा सगळा भारत फोनवर असतो. तक्रार जाते, डॉकेट नंबर मिळतो आणि माणूस येतो दुपारी अडीचला. त्या वेळी कचेरी डबा खाऊन पेंगत असते, तीन फोन चालू असतात आणि सगळं उत्तम असतं. तो 'नो फॉल्ट फाउंड' असं लिहून जातो. पुढच्या सोमवारी अकराला पुन्हा तेच. आमच्याकडे एका काकांनी यावर शास्त्रशुद्ध उपाय केला. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वीस जणांना आपापल्या जागी बसवलं आणि सगळ्यांना एकदम बाहेर फोन लावायला सांगितलं. पंधरा जण 'हॅलो' म्हणाले आणि पाच जण रिसीव्हरकडे बघत बसले. रोग सापडला. डबे मात्र गार झाले.

दुसरी बाब टोकांची. बाहेरून येणारे फोन आणि आतून जाणारे फोन दोन्ही पहिल्याच वाहिनीपासून जागा शोधू लागले, तर एकाच पानावर दोघं एकदम बसायला जातात. म्हणून एक्स्चेंजनं खालून वर यायचं आणि गिऱ्हाइकानं वरून खाली, असं ठरवून घेतात. हे ठरवायला एक वाक्य लागतं. न ठरवल्यानं होणाऱ्या पत्रव्यवहाराला एक फाइल लागते.

ज्यांच्याकडे दोन-तीन लाइन आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक सापळा आहे. पेटीतल्या यंत्राऐवजी संगणकातच कार्ड बसवून ॲस्टेरिस्कवर एक्स्चेंज चालवणाऱ्यांना तो ठाऊक असेल. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक लाइनची एक ओळ असते: 'स्पॅन' असं लिहून आधी लाइनचा क्रमांक आणि मग घड्याळाचा क्रमांक. घड्याळाच्या जागी १ म्हणजे 'हिचं घड्याळ पहिल्यांदा बघ', २ म्हणजे 'ती पडली तर हिचं बघ', आणि शून्य म्हणजे 'हिच्या घड्याळाकडे बघूच नको'. आपल्याकडे हा आकडा गुणवत्ता यादीतला समजतात. सगळ्या लाइनचे पैसे सारखेच भरलेत, मग एकीला १ आणि दुसरीला २ का, म्हणून सगळ्यांना १ देऊन टाकतात. पुढारी एका व्यासपीठावर बसवताना हे धोरण ठीक आहे. घड्याळाच्या बाबतीत पहिला एकच असावा लागतो.

एक बाब तेवढी जगानं शहाणपणानं मिटवली आहे. आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धती दोन: आपली आणि युरोपाची ए-लॉ, अमेरिका आणि जपानची म्यू-लॉ. एकानं एका पद्धतीनं केलेले आकडे दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं वाचले, तर बोलणारा डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. आंतरराष्ट्रीय फोनवर हे बदलून द्यायचं कुणी? नियम असा आहे की, म्यू-लॉवाल्या देशानं. म्हणजे न्यूयॉर्कच्या भाच्यानं नाशिकच्या मावशीला या लाइनवरून फोन केला, तर मावशीच्या पद्धतीप्रमाणं अमेरिका बदलते. कोण कुणाचं मानणार, हे आधी कागदावर लिहून ठेवलं की महासत्तासुद्धा कुरकुर करत नाही.

आता पीआरआय जाऊन सिप ट्रंक येऊ लागल्या आहेत. बोलणं इंटरनेटच्या पाकिटांतून जातं आणि पाकिटं वेळेवर आली नाहीत तर आवाजाचे तुकडे होतात. घड्याळाची कटकट गेली, असं विक्रेते सांगतात. ती गेलेली नाही, टॉवरवर जाऊन बसली आहे. आपल्याकडे ज्या पद्धतीचं फाइव्ह-जी मोठ्या प्रमाणावर चालतं, तिच्यात एकाच पट्ट्यावर आळीपाळीनं बोलायचं आणि ऐकायचं असतं, म्हणून टॉवरांची घड्याळं दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागतात. तिथं 'आमच्या साइडनं ओके आहे' म्हणायला जागा अजून कमी.

ज्यांच्या कचेरीत पीआरआय अजून चालू आहे, किंवा नवी घ्यायची आहे, त्यांना एवढीच विनंती. माणसं यायच्या आधी टेलिफोन कंपनीला चार प्रश्न लेखी विचारा: घड्याळ तुमचं ना? सीआरसी-फोर चालू की बंद? वाहिन्या पानांच्या क्रमांकानं मोजता की माणसांच्या? आणि तुम्ही कुठल्या टोकापासून सुरू करता? उत्तरं आली की ती यंत्रवाल्या मुलाच्या हातात द्या आणि त्याला त्याप्रमाणे बदलायला सांगा. स्वतः कुणी 'इंटर्नल'ला हात लावू नये. आठवड्यानं चार मेनू खाली जाऊन स्लिपचा आकडा बघा. तो शून्यच राहिला असेल तर घड्याळाच्या बाबतीत दोन्ही बाजू खरोखर ओके आहेत. आणि चारपैकी एकाही प्रश्नाला 'बघून सांगतो' असं उत्तर आलं, तर तो दिवस लाइन चालू करण्याचा नाही असं समजून सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवावं.